हेझी पेल एल कशी निवडावी आणि कशी चाखावी

टॅपरूमच्या, म्हणजे नळातून ताजी बीअर देणाऱ्या जागेच्या, फळ्यावर 'हेझी' (धूसर), 'ज्युसी' (रसाळ) किंवा 'न्यू इंग्लंड' असे शब्द दिसले की दोन प्रश्न हमखास येतात. यात फळांचा रस घातलाय का? आणि ही एवढी गढूळ का? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. आंबा, पेरू, संत्रे, पपनस यांचा जो वास ग्लासमधून येतो, तो हॉप्स या वेलीच्या फुलांतून आणि यीस्टच्या कामातून आलेला असतो. रस किंवा गर घालून केलेली बीअर हा वेगळा प्रकार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे येईलच. हेझी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची धूसर बीअर, जोखताना डोळ्यांपेक्षा नाकावर आणि कॅनवरच्या तारखेवर जास्त भरवसा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी तिचे घराणे

अमेरिकी पेल एलला ओळख मिळाली ती १९७२ साली आलेल्या कॅस्केड या हॉपमुळे आणि १९८० पासून कॅलिफोर्नियात बनू लागलेल्या सिएरा नेवाडाच्या पेल एलमुळे. नितळ, सोनेरी-तांबूस रंग, पपनसासारखा वास आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा कडूपणा, असा तिचा बाज. पुढे पश्चिम किनाऱ्यावर हा कडूपणा वाढतच गेला.

ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या व्हरमाँट राज्यात मात्र वेगळीच वाट निघाली. जॉन किमिच यांनी २००३ मध्ये वॉटरबरी या छोट्या गावात 'द अल्केमिस्ट' हा ब्रूपब (स्वतःची बीअर बनवून विकणारा पब) काढला. त्याआधी ते बर्लिंग्टनमध्ये ग्रेग नूनन यांच्या ब्रूपबमध्ये काम करत, आणि तिथले इंग्लिश वंशाचे यीस्ट त्यांनी पुढे वापरले. त्यांची 'हेडी टॉपर' ही बीअर गाळून नितळ केलेली नसे. तिच्यात हॉप्सचा वास ओसंडून वाहायचा आणि त्या मानाने कडूपणा मवाळ असायचा. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो ब्रूपब उद्ध्वस्त झाला. कॅन भरण्याचा नवा कारखाना मात्र बचावला होता. त्याच कॅनसाठी पुढे लोक दूरदूरच्या राज्यांतून गाडी हाकत येऊ लागले. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ट्री हाउस, ट्रिलियम या ब्रुअऱ्यांनी हीच वाट आणखी रुंद केली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनने 'ज्युसी किंवा हेझी' हे प्रकार आपल्या अधिकृत यादीत घेतले.

पायरी १ : विकत घेण्याआधी कॅन उलटा करा

कॅनच्या बुडाशी किंवा कडेला पॅकिंगची तारीख छापलेली असते. सगळ्यात आधी ती पाहा. ही बीअर जपून ठेवण्यासाठी नसतेच. ताजी असताना तिचा वास फुललेला असतो आणि साधारण दोन महिन्यांनंतर, थंड ठेवली असली तरी, तो उतरू लागतो. कारण हवेतला ऑक्सिजन. कॅनमध्ये शिरलेला थोडासा ऑक्सिजनही हॉप्सच्या सुगंधी तेलांना आणि पॉलिफिनॉल्सना (वनस्पतींतल्या तुरट द्रव्यांना) बिघडवतो. ओट्स, गहू आणि भरपूर हॉप्स घातलेली बीअर या बाबतीत जास्तच नाजूक असते.

म्हणून दुकानात कॅन फ्रिजमध्ये आहेत की उघड्या फळीवर, तेही बघा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गोदामात तापलेला कॅन घरी आणून थंड केला तरी गेलेला वास परत येत नाही. तारीखच नसेल तर मी तो कॅन परत ठेवतो.

त्यानंतर हॉप्सची नावे वाचा. सिट्रा म्हणजे लिंबूवर्गीय फळे, लिची, आंबा. मोझेइक म्हणजे बेरी, आंबा आणि कधीकधी थोडा रानटी, हिरवट वास. ऑस्ट्रेलियातला गॅलॅक्सी पॅशनफ्रूटकडे झुकतो, तर न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन पांढऱ्या द्राक्षांच्या वाइनकडे. मद्यार्काचे प्रमाणही पाहा: पेल एल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असते, हेझी आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे जास्त हॉप्सची पेल एल) सहाच्या पुढे, डबल आयपीए आठच्या घरात. नवख्याने सुरुवात पेल एलपासून करावी. वास तोच, पण दुसऱ्या ग्लासपर्यंत नाक आणि डोके दोन्ही जागेवर राहतात.

पायरी २ : ओतणे

ग्लास स्वच्छ हवा आणि त्याला साबणाचा वास नको. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास टाळा, कारण अतिथंड बीअरमधून वास उठत नाही. फ्रिजमधून काढून आठ-दहा मिनिटे थांबा. सात ते दहा अंश सेल्सिअस हे तापमान छान. तोंडाशी किंचित निमुळता होणारा ग्लास असेल तर उत्तम, नाहीतर वाइनचा ग्लासही चालतो. हेडी टॉपरच्या कॅनवर 'कॅनमधूनच प्या' असे छापलेले असते. किमिच यांचा मान राखूनही मी शिकणाऱ्याला ग्लासच सुचवेन. कॅनच्या भोकातून नाकापर्यंत फार थोडे पोहोचते.

पायरी ३ : बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका

हेझी गढूळ का असते? गहू, ओट्स आणि बार्लीतून आलेली प्रथिने हॉप्समधल्या पॉलिफिनॉल्सशी जोडली जातात. त्यातून तयार होणारे कण इतके बारीक असतात की ते तळाशी बसत नाहीत, तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. आपल्याकडच्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये (छोट्या बीअर कारखान्यांत) मिळणारी गव्हाची बीअरही धूसर असते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर अनेकांची क्राफ्ट बीअरशी पहिली ओळख त्याच धूसर ग्लासातून झाली. पण जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमध्ये धूसरपणात तरंगणाऱ्या यीस्टचा वाटा मोठा असतो, आणि तिथला केळी-लवंगेचा वासही यीस्टचाच असतो. हेझी पेल एलमध्ये केळे आले तर काहीतरी चुकले आहे.

रंग फिकट पिवळ्यापासून दाट सोनेरीपर्यंत असावा. त्यावर राखाडी, मातकट किंवा जांभळट छटा चढली असेल तर बीअरला ऑक्सिजन लागला आहे. तळाशी गाळाच्या गुठळ्या दिसल्या किंवा पिताना घशात खवखव झाली, तर हॉप्सचे कण नीट खाली बसू न देताच कॅन भरले गेलेत. गढूळपणा जितका जास्त तितकी बीअर चांगली, हा समज सोडून द्या. हलकी धूसर पण वासाने भरलेली बीअर मला दाट, मैदा कालवल्यासारख्या बीअरपेक्षा केव्हाही प्रिय आहे.

पायरी ४ : नाक तयार करा, तेही स्वयंपाकघरात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बीअर उघडण्याआधी ओट्यावर चार गोष्टी मांडा: थोडे धणे, पिकलेला पेरू, संत्र्याची साल आणि आंब्याची फोड. धणे कुटून हुंगा. त्यातला फुलांसारखा गोडसर वास लिनालूल या सुगंधी द्रव्याचा, आणि तेच लिनालूल हॉप्सच्या तेलातही असते. आंब्यात सापडणारे मर्सीन हे तर हॉप्सच्या तेलाचा मोठा हिस्सा. पेरू कापल्यावर जो तीव्र, जरासा घामट पण हवाहवासा वास सुटतो, त्यात गंधकयुक्त थायॉल्स असतात. हॉप्समधले थायॉल्स अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात, आणि पॅशनफ्रूट किंवा पेरूचा भास होतो तो त्यांच्यामुळे. असे एकेक करून हुंगले की ग्लासमधला एकत्र लोंढा हळूहळू सुटा होऊ लागतो.

यीस्टचा वाटा समजून घ्यायला रोशा गवत आठवा. खानदेशात या गवताचे तेल काढण्याची जुनी परंपरा आहे. त्याचा गुलाबासारखा वास जिरॅनिऑलमुळे येतो. काही हॉप्समध्येही जिरॅनिऑल असते, आणि किण्वन (आंबण्याची क्रिया) चालू असताना यीस्ट त्यातले काही सिट्रोनेलॉलमध्ये बदलते, ज्याचा वास लिंबाकडे झुकतो. म्हणूनच हे ब्रूअर हॉप्सचा मोठा वाटा धान्याच्या उकळत्या रसात न घालता, उकळी थांबल्यावर आणि पुढे किण्वनाच्या टाकीत थंडपणी घालतात. उकळीत हॉप्समधली अल्फा आम्ले बदलून कडू होतात आणि सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. उशिरा घातले की उलट घडते: कडूपणा कमी, वास जास्त. अख्ख्या प्रकाराची किल्ली एवढीच.

ग्लास हलवून आधी छोटे हुंगे घ्या, मग थोडे थांबा. नाक लवकर दमते; आपल्याच मनगटाचा वास घेतला की ते पुन्हा ताळ्यावर येते. लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसिटिलचा दोष. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे बीअर शिळी झाली. कांदा-लसणाची झाक काही हॉप्समधून येते. काहींना ती आवडते, मला नाही.

पायरी ५ : घोट

पहिला घोट तोंडात फिरवा आणि तीन गोष्टी टिपा. पोत: ओट्स आणि गव्हामुळे ती जिभेवर मऊसर, भरीव लागावी. पाण्याचाही यात हात असतो. हे ब्रूअर पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त ठेवतात, कारण क्लोराइडने गोलाई येते आणि सल्फेटने कडूपणाला धार चढते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या प्रसिद्ध पेल एल सल्फेटने भरलेल्या पाण्यावर वाढल्या, म्हणून तिथली चव कोरडी आणि तरतरीत. दुसरी गोष्ट गोडवा. फळांचा वास आला की मेंदू गोडी गृहीत धरतो, म्हणून नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. खरी साखर किती उरली आहे ते लगेच कळेल. चांगल्या पेल एलमध्ये ती वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. तिसरी गोष्ट शेवट. कडूपणा मवाळ हवा, पण हवा. तो अजिबात नसेल तर अर्ध्या ग्लासानंतर कंटाळा येतो.

पायरी ६ : शेजारी दुसरी ठेवून तुलना

एकटी बीअर फार शिकवत नाही. छोट्या ग्लासांत तीन ओता: गव्हाची बीअर, नितळ वेस्ट कोस्ट (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कडू बाजाची) आयपीए आणि हेझी पेल एल. तिघा-चौघांत वाटून घेतल्या तर प्रमाणही आटोक्यात राहते. आधी गव्हाची, मग हेझी, शेवटी वेस्ट कोस्ट. कडू बीअर आधी घेतली तर पुढचे काहीच नीट कळत नाही.

सोबत काही खायचे असेल तर रवा लावून तळलेली सुरमई किंवा कोळंबी घ्या, वरून लिंबू पिळून. फार कडू आयपीए तिखटाला आणखी भडकवते. हेझी पेल एल तेवढी झोंबत नाही, त्यामुळे लाल तिखटाच्या मसाल्याशीही तिचे जमते. चाखणे पूर्ण होईपर्यंत मात्र ताट बाजूलाच ठेवा, आणि प्रत्येक ग्लासाबद्दल दोन ओळी वहीत लिहा: हॉपचे नाव, पॅकिंगची तारीख आणि नाकाला आलेले पहिले फळ.