पिकअपला हेल्पर टाकण्याआधी ब्रेकची दांडी बघा

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की पाटेवाल्याकडे (पाटे म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) जाऊन "भरली की मागून बसते, एक पाटा वाढव" एवढंच सांगायचं आणि दोन तासांत गाडी घेऊन निघायचं, असं मीही केलं होतं. पहिलीच भरलेली खेप वाशीला निघाली. कसारा घाट उतरताना ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडत गेलं. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कशीबशी कडेला घेतली, तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. पाटे उत्तम होते, काम चोख होतं. चूक वेगळीच होती, आणि ती माझी होती. या हंगामात कुणी हेल्पर, म्हणजे भरलेली गाडी मागून बसू नये म्हणून लावायचा जादा आधार, टाकणार असेल तर हे वाचून मगच टाका.

सगळ्यात आधी गाडीखाली वाका. मागच्या एक्सेलजवळ चासीला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्यातून एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग एक्सेलच्या हाउसिंगपर्यंत गेलेली असते. मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात, म्हणजे लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. काही गाड्यांना तो नसतो, म्हणून स्वतः बघा. असेल तर त्याचं काम समजून घ्या. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर वजन कमी असतं. तिथे ब्रेक जोरात लागला तर चाकं जाम होऊन गाडी आडवी होते. म्हणून व्हॉल्व्ह मागचं प्रेशर रोखून धरतो. माल भरला की गाडी बसते, चासी आणि एक्सेलमधलं अंतर कमी होतं, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त प्रेशर सोडतो. म्हणजे व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. तुम्ही पाटा वाढवला आणि गाडी बसायची थांबली, की हौद्यात दीड टन माल असतानाही व्हॉल्व्ह गाडी रिकामीच समजतो. मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. सपाट रस्त्यावर हे जाणवतच नाही, घाटात कळतं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं.

आता वजन. "साधारण दीड टन असेल" हे चालणार नाही, काट्यावर जा. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, ८५ क्रेट म्हणजे १,७०० किलो, असा हिशेब आपण तोंडी करतो आणि क्रेटचं स्वतःचं वजन विसरतो. रिकामा क्रेट दीड किलोचा धरला तरी सव्वाशे किलोंहून जास्त झाले. त्यात ताडपत्री, स्टेपनी, केबिनमधली तीन माणसं. एकदा पूर्ण गाडी काट्यावर घ्या, एकदा फक्त मागची चाकं. मागच्या एक्सेलवर किती येतंय हे कळल्याशिवाय कोणता हेल्पर घ्यायचा हे ठरवताच येत नाही. आणि हेल्परने पासिंग वाढत नाही. आरसी बुकात लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं. एक्सेल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे तेवढ्यालाच बनलेले असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. गाडी बसत नाही म्हणून माल बसतो, असा अर्थ काढू नका.

काट्यावरून आल्यावर टेप घ्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा, डावी आणि उजवी वेगळी, रिकामी आणि भरलेली. चार आकडे होतात, ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. रिकाम्या गाडीतच एक बाजू खाली असेल तर पाटा तुटलाय किंवा बुश गेलाय, तो आधी दुरुस्त करा. थकलेल्या पाट्यावर हेल्पर लावणं म्हणजे पैसे वाया. त्याच वेळी व्हॉल्व्हच्या दांडीचा फोटो काढा, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. हा फोटो नंतर लागणारच आहे.

मग प्रकार निवडा. बोलेरो पिकअप, योद्धा वगैरेंना मागे पाटेच असतात, म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सोपं म्हणजे मुख्य संचात एक पाटा वाढवणं. पण तो पाटा बाराही महिने काम करतो. वर्षातले दोन-अडीच महिने माल आणि उरलेला वेळ खताच्या चार गोण्या, असं असेल तर रिकामी गाडी उड्या मारते, खडबडीत रस्त्यावर मागची चाकं जमीन सोडतात, औषधाचे कॅन फुटतात. माझ्या आईला मणक्याचा त्रास आहे. त्या गाडीत बसून ती दवाखान्यात जायला तयार होईना. अधूनमधून माल नेणाऱ्याने हा प्रकार टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा वेगळा हेल्पर पाटा बरा. तो मुख्य संचावर बसतो आणि गाडी ठरावीक खाली आली की त्याची टोकं चासीवरच्या ब्रॅकेटला टेकतात, तोवर तो मोकळा असतो. रिकामी गाडी पूर्वीसारखीच चालते. टेकायला किती अंतर ठेवायचं हे पाटेवाल्याला तुमचे चार आकडे दाखवून ठरवा, अंदाजाने नाही. रबराचे हेल्पर म्हणजे मूळ गुटक्याच्या (गाडी फार बसली की चासी आणि एक्सेल आपटू न देणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) जागी येणारे उंच, पोकळ रबर. बसवायला सोपे, देखभाल जवळपास नाही, पण ते टेकल्यावर गाडी जरा कडक होते. एअर बलूनमध्ये हवा कमी-जास्त करता येते, रिकाम्याला कमी, भरल्यावर जास्त. सोय सगळ्यात चांगली. पण नळी घासली की हवा गेली, म्हणून दर खेपेला प्रेशर तपासावं लागतं. ते पूर्ण रिकामे ठेवून कधीच चालवायचे नाहीत, चिमटून फाटतात. आणि बलूनवाल्यांनो, हवा भरून गाडी वर उचललीत की तोच व्हॉल्व्ह, तोच घोळ. प्रकार कोणताही घ्या, भरलेल्या गाडीची उंची बदलली की दांडीचं सेटिंग बदलतं.

बसवताना पाट्यांचा संच एक्सेलला आवळून धरणारे यू बोल्ट नवे घ्या. संच जाड झाला की जुने आखूड पडतात आणि ताणलेला बोल्ट पुन्हा आवळण्यात अर्थ नाही. सेंटर बोल्टही नवा. गाडी जॅकवर उचलून चाकं लोंबकळू द्या आणि मागची ब्रेकची रबरी नळी ताणली जातेय का ते बघा. शॉकअब पूर्ण ताणला जात असेल तर तोही पुरणार नाही.

आणि त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी गाडी ब्रेकच्या मेकॅनिककडे न्या. पाटेवाला हे करत नाही, ते त्याचं काम नाही. दांडी कंपनीच्या मापाने नव्या उंचीला सेट करून घ्या आणि आधीचे फोटो दाखवा. एक उपाय तुम्हाला रस्त्यावर कुणीतरी नक्की सांगेल: दांडी तारेने वर बांधून टाक, मागचे ब्रेक कायम पूर्ण लागतील. अजिबात करू नका. भरलेल्या गाडीला चालेल, पण पावसात रिकामी परत येताना एका ब्रेकला मागची चाकं जाम होतील आणि गाडी फिरेल. व्हॉल्व्ह गंजून जाम झाला असेल तर बदला.

मग मोकळ्या रस्त्यावर आधी रिकामी, नंतर अर्धा माल भरून ब्रेक मारून बघा. घाट नंतर. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू बोल्ट परत आवळा, हे लोक टाळतात. हेडलाइट भरलेल्या गाडीवर सेट करा. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे. जड क्रेट एक्सेलच्या मागे रचू नका, पुढचं टोक हलकं होतं आणि कोणताच हेल्पर ते सुधारत नाही. घाट उतरताना गिअर आधीच खाली घ्या.

निघण्याआधी एकदा वाकून दांडी बघा. माल भरल्यावर ती जागची हलली नसेल तर क्रेट उतरवा.