सिएनाच्या उतारावर स्केचिंग करताना

इटलीतल्या सिएनाला वही घेऊन जाणाऱ्यांना आधीच सांगते: तिथल्या मुख्य चौकात, पियात्झा देल काम्पोत बसून काढलेलं पहिलं चित्र बहुतेकांचं फसतं. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्यांचंही.

हा चौक शिंपल्यासारखा पसरलेला. विटांची फरसबंदी, पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी पाडलेले तिचे ९ भाग, आणि सगळं उतरत उतरत पालाझ्झो पुब्लिको या नगरभवनासमोरच्या पाणी जायच्या जाळीकडे एकवटतं. वरच्या कडेला बसलं की जवळजवळ येणाऱ्या त्या पट्ट्या बघून वाटतं, मिळाला व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू! अजिबात नाही. त्या पट्ट्या जमिनीवर खरोखरच जवळ येतात, पर्स्पेक्टिव्ह नंतरचं. बाजूच्या घरांच्या खिडक्यांच्या रेषा तिकडे ओढल्यात की अख्खी आळी जाळीत घसरलेली दिसते. मला हे पाठ आहे, तरी आजही हात खाली ओढतोच.

म्हणून पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरा. समोरच्या इमारतीवर ती जिथे दिसते, ती तुमच्या डोळ्याची पातळी. तीच रेघ आधी मारा, बारीक, पानभर. मागे जाणाऱ्या घरांच्या आडव्या रेषा त्या रेघेवर मिळणार; तुमच्यापासून खाली उतरणारी जमीन मात्र त्या रेघेच्या खालच्या बिंदूकडे जाणार. घरं रेघेवर, उतार रेघेखाली. दोन्ही एकाच बिंदूला बांधलेत की संपलं.

फोटो ट्रेस करून हे सुटेल असं सांगणारे गुरुजी भेटतील. खुशाल दुर्लक्ष करा. फोनची वाइड लेन्स उतार सपाट करते आणि टोर्रे देल मांजा हा ८५ मीटरहून उंच मनोरा काडीएवढा. त्यापेक्षा आपल्या अहमदाबादच्या आयआयएमवाल्या आर्किटेक्ट लुई कान यांनी १९५१ मध्ये याच चौकाची केलेली पेस्टल्स बघा. तपशील जवळपास नाहीच, नुसते रंगाचे मोठे ठोकळ आकार. खिडक्या मोजत बसू नका, हाच अर्थ. पहिली चार-पाच पानं वाया गेली तरी चालतात, घाबरू नका.

विटांसाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग ट्यूबमधून थेट लावू नका, थोडा यलो ओकर (मातकट पिवळा) मिसळा. पालाझ्झोच्या दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतर येतं. सकाळी ती सावलीत असते आणि मनोऱ्याची लांब सावली चौकात पडते. उन्हाळ्यात लोक त्या सावलीच्या पट्ट्यात बसतात आणि सावली सरकली की तेही सरकतात. माणसं काढायची असतील तर सकाळी जा. आणि सावलीची कड आधी आखा, तासाभरात ती तिथे नसेल.