सर्व्हरमधील एम.२ एसएसडी कार्ड बदलताना

सर्व्हरच्या पुढच्या कप्प्यांतील डिस्क बहुधा यंत्र चालू असतानाही काढता येते, परंतु मदरबोर्डवर थेट बसवलेल्या एम.२ कार्डासाठी (पट्टीसारख्या चपट्या एसएसडीसाठी) यंत्र पूर्ण बंद करावे लागते. येथे असे गृहीत धरले आहे की लिनक्स सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम अशा दोन एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवरून जोडणाऱ्या वेगवान प्रकारच्या) कार्डांवर सॉफ्टवेअर रेड १ पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर एकसारखी प्रत राखून, ठेवलेली आहे आणि त्यांतील एक कार्ड निकामी होत चालले आहे.

या कामातील सर्वांत मोठा धोका म्हणजे चुकून धडधाकट कार्ड काढले जाणे. ऑपरेटिंग सिस्टीम दाखवते तो क्रमांक बोर्डावर छापलेल्या स्लॉटच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलूही शकतो. म्हणून स्मार्टसीटीएल (डिस्कची माहिती दाखवणारी आज्ञा) वापरून खराब कार्डाचा सीरियल नंबर वाचून कागदावर लिहून घ्यावा आणि कार्ड हाती आल्यावर तो लेबलवरील नंबराशी अक्षरशः पडताळावा. बॅकअप घेऊन तो उघडतो याची खात्री केल्यानंतरच एमडीॲडम या रेड सांभाळणाऱ्या आज्ञेद्वारे त्या कार्डाची विभाजने (पार्टिशन्स) रेडमधून बाद करावीत.

नव्या कार्डाची लांबी स्लॉटला जुळायला हवी: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद व ८० मिमी लांब, तर २२११० हे ११० मिमी लांब. साटा या जुन्या जोडणी पद्धतीचे कार्ड एनव्हीएमई स्लॉटमध्ये बसले तरी चालेलच असे नाही. क्षमता जुन्यापेक्षा किंचितही कमी नसावी. वीज अचानक गेल्यास माहिती वाचवणारे कॅपॅसिटर असलेले कार्डच सर्व्हरसाठी घ्यावे. येथे काटकसर करू नये.

यंत्र बंद करून सर्व पॉवर केबल काढाव्यात आणि अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला बांधून चॅसिसच्या उघड्या धातूला जोडावा. स्क्रू काढताच कार्ड तिरके वर येते. नवे कार्डही तसेच तिरके सरकवून, आडवे दाबून, स्क्रू बेताने आवळावा. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरील प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये.

यंत्र सुरू झाल्यावर विभाजनांची रचना एसजीडिस्क या आज्ञेने चांगल्या कार्डावरून नव्या कार्डावर उतरवावी. मोठ्या लिपीतील 'आर' (-R) या पर्यायापाठोपाठ नव्या कार्डाचे नाव येते आणि चांगल्या कार्डाचे नाव शेवटी. क्रम उलटला तर चांगल्या कार्डावरील रचना पुसली जाते, त्यामुळे एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही सीरियल नंबर पुन्हा तपासावेत. मग मोठ्या लिपीतील 'जी' (-G) पर्यायाने नव्या कार्डाला स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावेत, विभाजने रेडमध्ये जोडावीत आणि एमडीस्टॅट फाइलमध्ये (/proc/mdstat) पुनर्बांधणीची प्रगती पाहावी.

पुनर्बांधणी पूर्ण झाली तरी काम संपत नाही, कारण ईएफआय विभाजन (यंत्र सुरू करणाऱ्या फाइल्स असलेला भाग) सहसा रेडच्या बाहेर असते. ते नव्या कार्डावर फॅट पद्धतीने फॉरमॅट करून त्यात बूट फाइल्स उतरवाव्यात, ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने फर्मवेअरच्या बूट यादीत नवी नोंद करावी आणि देखभालीच्या त्याच वेळेत फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून नवे कार्ड निवडून सर्व्हर सुरू होतो की नाही हे पाहावे.