अंडी नेमकी कुठे कमी पडतात? वहीने लावलेला छडा

आठ कोंबड्या, तरी अंडी कधी सहा, कधी तीन. म्हणून खुराड्याच्या दारालाच वही टांगली: तारीख, सकाळची अंडी, संध्याकाळची अंडी, शेरा. एका दिवसाच्या आकड्यावर कधीच जाऊ नये. एक अंडं तयार व्हायला साधारण 25-26 तास लागतात. घालण्याची वेळ रोज पुढे सरकते आणि मध्येच एक दिवस खाडा पडतो. सात दिवसांची बेरीज भागिले 56 (आठ कोंबड्या गुणिले सात दिवस), गुणिले 100, हाच टक्का खरा.

कोण घालत नाही हे पाहायला रात्री चौघींच्या गुदद्वाराला खाण्याचे चार वेगवेगळे रंग लावले. ज्यांनी घातलं त्यांचा रंग कवचावर उतरला. खात्रीसाठी गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपायची: मध्ये दोन-तीन बोटं मावली तर घालती, जेमतेम एक मावलं तर बंद. बंद असलेली एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, निघाली.

शेऱ्याचा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘कवच पातळ’ हा शेरा इंदूरच्या मे महिन्यातच वाढला, कारण उकाड्यात कोंबडी खाणं कमी करते आणि कवचाला लागणारं कॅल्शियम कमी पडतं. सावलीत गार पाणी आणि वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा चुरा ठेवला. पेंढा ओला, पिवळा दिसला तर अंडं फोडून खाल्लं समजा. मग दिवसातून तीनदा अंडी उचला.