एसटीएम३२एफ४०७: वॉचडॉगला कोणतं क्लॉक द्यावं?

एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलर चिपमधला वॉचडॉग म्हणजे कोडने मुदतीत ताजा केला नाही तर चिप रीसेट करणारा टायमर. अचूकता हवी म्हणून तो मेन क्रिस्टलच्या क्लॉकवर चालवायचा मोह होतो. पण क्रिस्टलच बंद पडला तर रीसेट देणार कोण? एफ४०७ मधला विंडो वॉचडॉग एपीबी१ या आतल्या बसच्या क्लॉकवर चालतो. ४२ मेगाहर्ट्‌झला त्याची कमाल मुदत जेमतेम ४९.९ मिलिसेकंद. कोड ठरल्या वेळेआधी किंवा उशिरा पोचला तर तो पकडतो, पण बसचं क्लॉक थांबलं की तोही थांबतो. शेवटचा आधार म्हणून स्वतंत्र वॉचडॉगच घ्यावा. तो एलएसआय या आतल्या वेगळ्या आरसी ऑसिलेटरवर चालतो.

एलएसआय अचूक मात्र अजिबात नाही. डेटाशीटमध्ये ठळक दिसतात ते ३२ किलोहर्ट्‌झ. खरी मर्यादा १७ ते ४७. प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ६४, रीलोड (काउंटर जिथून शून्यापर्यंत उतरतो तो आकडा) ४९९ ठेवलं की कागदावर बरोबर १ सेकंद येतो. ४७ किलोहर्ट्‌झच्या चिपवर तोच ६८१ मिलिसेकंद होतो. तुमचा सर्वात लांब लूप ७०० मिलिसेकंदांचा असेल, तर टेबलावरचा बोर्ड मजेत चालेल आणि दुसऱ्या लॉटमधला विनाकारण रीसेट होत राहील.

म्हणून हिशेब ४७ वरून करा. किमान ९०० मिलिसेकंद हवेत: ०.९ × ४७००० ÷ ६४ म्हणजे ६६१ काउंट, रीलोड एकने कमी, ६६०. मग १७ वर मुदत किती ताणते तेही काढा: जवळपास २.५ सेकंद. तेवढा वेळ मोटर किंवा हीटर बेलगाम राहिलेला चालणार आहे का, खरा प्रश्न हा.

चालणार नसेल तर एलएसआय मोजा. टीआयएम५ या टायमरच्या ऑप्शन रजिस्टरमध्ये टीआय४ रीमॅप ०१ केलं की एलएसआय चौथ्या चॅनलला आतूनच जोडला जातो, वायर लागत नाही. कॅप्चर (सिग्नलच्या काठावर टायमरचा काउंट टिपणं) प्रीस्केलर ८ ठेवा, म्हणजे दर आठव्या काठाला एक कॅप्चर होईल. टायमर ८४ मेगाहर्ट्‌झवर असेल तर ३२ किलोहर्ट्‌झला दोन कॅप्चरमध्ये २१००० काउंटचा फरक येतो. ६७,२०,००,००० ला मिळालेल्या फरकाने भागा, की एलएसआय हर्ट्‌झमध्ये हाती येतो. तापमान आणि व्होल्टेजनुसार तो सरकतो. फक्त बूटच्या वेळी मोजून भागत नाही. नवं रीलोड लिहिण्याआधी वॉचडॉगच्या ‘की’ (किल्ली) रजिस्टरमध्ये कुलूप उघडायला हेक्स ५५५५ टाका, आरव्हीयू बिट (आधीचा रीलोड बदल अजून चालू आहे का ते दाखवणारा) ० झालाय हे पाहा, लिहून झाल्यावर नवं रीलोड काउंटरमध्ये भरायला हेक्स एएएए. मोजलेला आकडा १७ ते ४७ च्या बाहेर आला तर तो वापरू नका, जुनंच रीलोड राहू द्या.

डीबग करताना ब्रेकपॉइंटवर वॉचडॉग गोठवणारा डीबीजीएमसीयू (डीबग नियंत्रण) बिट लावा. रीसेटनंतर आरसीसीच्या (रीसेट आणि क्लॉक नियंत्रण) सीएसआर रजिस्टरमधला, रीसेटचं कारण सांगणारा फ्लॅग वाचून आरएमव्हीएफ बिटने पुसा, नाहीतर मागच्याच रीसेटचा फ्लॅग पुढच्या वेळीही दिसेल.