ओढ्यात पोकलेन उतरवण्याआधी या चुका टाळा

रोहिणी लागल्या की आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात दोन कामांची घाई उडते: शेतात भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी आणि नाल्यात पोकलेन. येळ्ळूर, शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं की उभं भात कुजतं. तेव्हा शेतकऱ्याच्या जिवाची तगमग काय होते ते मी पाहिलंय. म्हणून 'नाला खोल करा, सरळ करा' ही मागणी मला कधी परकी वाटली नाही. मार्कंडेय नदीला मिळणाऱ्या आमच्या ओढ्याची दोन वळणं काढा म्हणून पंचायतीत हट्ट धरणाऱ्यांत मीही होतो. ती सगळ्यात मोठी चूक ठरली.

वळण काढलं की ओढ्याची लांबी घटते, वरच्या-खालच्या टोकांच्या उंचीतला फरक मात्र तेवढाच राहतो, म्हणजे उतार वाढतो. मग पाणी जोरानं धावतं आणि तळ खातं. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या अंगाला भावकीतल्या काकांचा बांध ढासळला. वरच्या अंगाला ओढ्याच्या तळाला गुडघाभर पायरी पडली आणि प्रत्येक पुरासरशी ती मागे मागे सरकत गेली. तळ खाली गेल्यावर काठच्या विहिरींचं पाणी ओढ्याकडे झिरपू लागलं. जी विहीर एप्रिलपर्यंत पुरायची, तिनं फेब्रुवारीतच तळ गाठला. काका एवढंच म्हणाले, "वळणावर पाणी दम खात होतं रे, तीच जागा काढलासा."

तुमच्याकडे अशी पायरी दिसली तर तिथे सरळ उभी भिंत बांधू नका, भिंतीखालचा तळ पुन्हा उकरला जातो. मोठ्या दगडांचा लांबट, तिरका उतार रचा. मासेही त्यावरून वर चढतात. आणि मुळात पोकलेन बोलावण्याआधी एका जोरदार पावसात ओढ्याच्या काठानं चालत जा. पाणी नेमकं कुठं अडतंय ते बघा. पुष्कळदा दोष ओढ्याचा नसतोच, रस्त्याखालच्या मोरीचा अरुंद पाइप पाणी अडवून धरतो. तिथला गाळ काढा, मोरी रुंद करून घ्या. डोहांना हात लावू नका, उन्हाळ्यात मासे तिथेच तगतात. काढलेला गाळ काठावर रचला तर पहिल्या पुरात तो परत आत येतो. तो शेतात न्या, पण वर गावाचं किंवा कारखान्याचं सांडपाणी मिसळत असेल तर गाळ तपासल्याशिवाय नको.

दुसरी चूक काठ 'स्वच्छ' करण्याची. निर्गुडी, वाळुंज, लव्हाळा हे सगळं झुडूप म्हणून तोडलं जातं. काठची माती धरून ठेवते ती हीच झाडं. मग उघड्या काठावर जूनमध्ये रोपं लावून फोटो काढतात आणि जुलैत रोपं वाहून जातात. पाण्यालगतची लागवड पूर ओसरल्यावर करा, सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती ओली असताना. वाळुंज किंवा निर्गुडीची बोटाएवढी जाड, दोन फुटी काठी तिरकी छाटायची आणि दोन तृतीयांश जमिनीत ठोकायची. कोंब वरच्या दिशेनं हवेत, एवढं बघा. मध्ये वाळा लावा. करंज, उंबर, जांभूळ वरच्या टप्प्यावर, आणि ते जूनमध्ये चालतात. निलगिरी नको. उद्योग खात्रीतून (रोजगार हमीतून) लागवड होणार असेल तर रोपांची यादी मंजूर व्हायच्या आधीच पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटा.

जलपर्णी काढूनही परत येते, ही तक्रार बहुतेक गावांत ऐकू येते. वरून सांडपाणी येत राहिलं तर ती येणारच, कारण तिला खत मिळतंय. बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पाण्यातच तुकडे करू नका, प्रत्येक तुकडा फुटतो. उपसून पूररेषेच्या वर नेऊन कुजवा, आणि काढण्याइतकीच मेहनत सांडपाण्याचा नळ शोधण्यात घाला.

पाणी सुधारलं की नाही हे दुपारी बघून कळत नाही. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच वापरतं, म्हणून मोजायचं तर पहाटे मोजा. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा निकष आहे. पहाटे मासे तोंड वर काढून पाण्यावर येत असतील, तर मोजायचं किट नसलं तरी प्राणवायू कमी पडतोय हे ओळखा.

'मासे नाहीत, मग सोडूया' म्हणून चिलापी किंवा आफ्रिकन मागूर आणू नका. मागूर बाकीच्यांना खाऊन टाकतो, त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे. आपले मासे मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आपणच वर चढतात, पोटात अंडी घेऊन. तेवढे आठ-दहा दिवस मोरीच्या तोंडाला जाळी लावू नका आणि बंधाऱ्याच्या फळ्या पाऊस सुरू व्हायच्या आधी काढा. आमच्याकडे गेल्या वर्षी त्या काढायला उशीर झाला. फळ्यांखाली चढणीचे मासे उड्या मारून मारून दमले होते, पोरांनी ते बादल्यांनी वर नेऊन सोडले.