मेटा-ॲनालिसिसमधील अगदी छोटे अभ्यास: या चुका टाळा

हृदयविकाराच्या झटक्यानंतर शिरेतून मॅग्नेशियम दिल्यास मृत्यू टळतात का, या प्रश्नावरील 7 लहान चाचण्या 1991 मध्ये मेटा-ॲनालिसिसने (अनेक अभ्यासांचे आकडे मिळून एकच अंदाज काढण्याच्या पद्धतीने) एकत्र केल्या, तेव्हा मृत्यूचे ऑड्स (मृत्यू झालेले आणि न झालेले यांचे गुणोत्तर) निम्म्याहून अधिक घटलेले दिसले. 1995 च्या आयसिस-4 या 58,050 रुग्णांच्या चाचणीत मात्र काहीच फायदा आढळला नाही. आजही या चाचण्या रँडम-इफेक्ट्स मॉडेलने (खरा परिणाम अभ्यासागणिक वेगळा असू शकतो असे मानून) एकत्र केल्या की फायदा दिसतो आणि फिक्स्ड-इफेक्टने (सर्वत्र एकच खरा परिणाम मानून) केल्या की नाहीसा होतो, कारण पहिल्या मॉडेलमध्ये प्रत्येक अभ्यासाच्या व्हेरियन्समध्ये (अनिश्चिततेच्या मापात) अभ्यासांमधील तफावतही मिळवली जात असल्याने लहान अभ्यासांचा सापेक्ष भार वाढतो. अशा वेळी सोयीचे मॉडेल निवडून मोकळे होऊ नये. लहान अभ्यासांतच परिणाम मोठा का दिसतो, हे आधी तपासावे.

सर्वांत फसवी चूक शून्य घटनांच्या अभ्यासांत होते. समजा, एका गटातील 10 आणि दुसऱ्या गटातील 50 जणांपैकी कोणालाही दुष्परिणाम झाला नाही. सवयीने ‘झाला/न झाला’ तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात 0.5 मिळवले, तर ऑड्स रेशो (दोन गटांच्या ऑड्सचे गुणोत्तर) 4.8 येतो, म्हणजे काहीच न घडलेल्या अभ्यासातून जवळजवळ पाचपट धोका निघतो! काही सॉफ्टवेअर असे अभ्यास आपोआप वगळतात, काही वगळत नाहीत. त्यामुळे डीफॉल्ट सेटिंग पाहिल्याशिवाय आकडा अहवालात उतरवू नये. घटना दुर्मिळ आणि गट असमान असतील, तर ही 0.5 ची दुरुस्ती न लागणारी, अभ्यास एकत्र करण्याची मँटेल-हेन्झेल पद्धत बहुधा बरी.

सरासरींच्या तुलनेत, दोन्ही गटांत पाच-पाच जण असतील तर कोहेनचा डी (सरासरींचा फरक भागिले प्रमाण विचलन) सुमारे दहा टक्के फुगलेला असतो; डी 0.80 असेल, तर त्याचे दुरुस्त रूप, म्हणजे हेजेसचा जी, 0.72 होतो. त्याशिवाय पाच जणांवरून काढलेले प्रमाण विचलन सहज एक-तृतीयांशाने चुकू शकते आणि ते योगायोगाने लहान आले, तर तोच अभ्यास सरासरींच्या फरकाच्या फॉरेस्ट प्लॉटमध्ये (प्रत्येक अभ्यासाचा निकाल व भार दाखवणाऱ्या आलेखात) अवाजवी भार घेऊन बसतो.

दहापेक्षा कमी अभ्यासांवर एगरची चाचणी (लहान अभ्यासांत परिणाम वेगळा दिसतो का, हे तपासणारी) लावू नये.

‘वीसपेक्षा कमी सहभागी असलेले वगळले’ असा नियम निष्कर्ष पाहिल्यानंतर सुचला असेल, तर तो नियम म्हणता येणार नाही. मर्यादा प्रोटोकॉलमध्येच (आधी लिहिलेल्या योजनेत) लिहावी, मुख्य विश्लेषणात सर्व पात्र अभ्यास ठेवावेत आणि लहान अभ्यास वगळून आलेले उत्तर संवेदनशीलता विश्लेषण (निवड बदलल्यास निष्कर्ष टिकतो का, याची तपासणी) म्हणून त्याच तक्त्यात शेजारी द्यावे.